मिस्त्री, मी आणि साहेबांची होडी

१९५६ साली राज्यांची फेरवाटणी झाली आणि आम्ही मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो. आमच्या खात्यातले मोठे साहेब मूळचे जबलपूरकडचे, त्यांनी तिकडेच राहायचं ठरवलं. निघताना त्यांनी सामानाचा ट्रक भरला. कपाटं गेली, कुत्रा गेला, गुलाबाच्या कुंड्यासुद्धा गेल्या. होडी तेवढी राहिली. ती चढवून पाहिली तर तिचं नाक ड्रायव्हरच्या डोक्यावरून पुढे यायला लागलं. साहेबांनी ती दोनदा उतरवली, दोनदा चढवली आणि शेवटी घाम पुसत मला म्हणाले की ओव्हरसियर, ही तुम्हीच ठेवा. मी तेव्हा दिग्रसला रस्त्यांची आणि मोऱ्यांची कामं बघत होतो. साहेबांना नाही म्हणायची माझी टाप नव्हती, म्हणून होडी माझी झाली.

गावाबाहेर एक जुना तलाव होता, इंग्रजांच्या काळी दुष्काळी कामात बांधलेला. एका अंगाला दगडी पाळ, दुसऱ्या अंगाला पळसाचं रान आणि पाळीच्या टोकाला बंजाऱ्यांचा तांडा. साहेब रविवारी तिथे गळ टाकून बसायचे. त्यांना मासे खाण्यापेक्षा धरण्याची हौस जास्त, धरलेले बहुतेक वाटून टाकायचे. होडी सागवानी फळ्यांची, बुडाला चपटी, तिघं जेमतेम बसतील एवढी. दोन वल्ही, ती अडकवायला कडेला लोखंडी आकडे, आत साचलेलं पाणी काढायला बुडाशी एक भोक आणि त्याला लाकडी बूच. चरखी लावलेला एक गळ साहेब विसरून गेले की मुद्दाम ठेवून गेले, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्या घरी मासे शिजत नव्हते. बायकोने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की होडी तलावावर राहील, मासे तांड्यावर जातील आणि घरात यातलं काही येणार नाही.

पहिला उन्हाळा होडी पाळीवर पडून राहिली. पावसाळा सरत आल्यावर मी दोन गँगवाल्यांना घेऊन ती पाण्यात ढकलली, तर ती चाळणीसारखी भरली. मी मुळात चिडका माणूस. होडी परत ओढून काढली, तिला एक लाथ घातली आणि अंगठा सुजवून घेतला. मग मिस्त्रींना बोलावलं.

मिस्त्री म्हणजे गावातल्या एका जिनिंग फॅक्टरीतले इंजिन मिस्त्री. आमचा रोड रोलर बिघडला की मी त्यांच्याकडेच धावायचो. चाळिशीचे, उंच, दाढी कातरलेली, खाकी सदऱ्याच्या खिशात कायम एक पाना. त्यांनी होडीखालून वाकून पाहिलं. फळ्या सुकून आकसल्या होत्या आणि जोडांतून उजेड दिसत होता. मिस्त्रींचा बेत बुडाला सरळ पत्रा ठोकायचा होता. मी म्हटलं, बैलगाडीचं चाक उन्हाळ्यात खुळखुळं झालं की आपण काय करतो? नदीत टाकून ठेवतो. लाकूड पाणी पितं आणि फुगून लोखंडी धाव घट्ट धरतं. तसंच करू. मग आम्ही होडी काठाजवळ उथळ पाण्यात दगड भरून बुडवून ठेवली. तांड्यावरच्या बाया पाण्याला आल्या की तोंडाला पदर लावून हसायच्या. नव्या साहेबाने होडी बुडवली आणि रोज येऊन ती नीट बुडली आहे का ते पाहून जातो, अशी बातमी त्यांनी गावभर केली.

आठवड्याभराने होडी वर काढली तेव्हा बहुतेक जोड मिटले होते. राहिलेल्या फटींत मिस्त्रींनी जिनातला कापूस पिळून, त्याची वात करून बोथट छिन्नीने ठोकून बसवली आणि वरून डांबर फासलं. डांबर त्यांनी इतकं उदार हाताने लावलं की माझ्या दोन पँटी त्या होडीवर गेल्या. पण त्यानंतर ती गळायची थांबली. पुढे दर वर्षी आमचा हाच क्रम राहिला. उन्हाळ्यात होडी पळसाखाली पालथी, वर ओला पाचोळा. पाणी वाढलं की आधी बुडवायची, मग वात आणि डांबर, मग आकड्यांना वंगण, आणि दोर हातभर हातभर ओढून कुठे कुजलाय का ते पाहायचं. काठाला बांधायचा दोर कुजला तर चालतो, नांगराचा कुजून चालत नाही. आमचा नांगर म्हणजे फुटक्या जात्याची तळी होती.

मिस्त्रींना फेफरं येतं, हे मला डांबर वाळल्यावर कळलं. रोलरच्या ड्रायव्हरने सांगितलं. तरुणपणी जिनात पट्टा तुटून त्यांच्या डोक्याला लागला होता, तेव्हापासून महिन्या-दोन महिन्यांनी कधीही यायचं. मग एकेक गोष्ट बंद होत गेली. आधी चालत्या इंजिनाजवळ उभं राहणं बंद. मालक भला, त्याने नोकरी ठेवली, पण मिस्त्रींनी स्टुलावर बसून दुसऱ्यांना सांगायचं एवढंच काम उरलं. मग सायकल बंद. विहिरीवर जाणं बंद. गच्ची बंद, भट्टी बंद. लहानपणापासून त्यांना अरुणावतीच्या डोहावर गळ टाकायचा नाद होता, तोही बंद, कारण पाणी आणि विस्तव पाहिला की फेफरं हटकून येतं असा आमच्याकडचा पक्का समज. मी भडकलो. मोरीच्या कामावर ते आमचा रोलर बघायला आले होते, तिथेच त्यांना गाठलं आणि विचारलं की होडीत बसायची वेळ आली तरी हे मला का सांगितलं नाही.

"सांगतलं असतं तं तुमी मले बोलावलं असतं काय?" मिस्त्री म्हणाले.

बोलावलं नसतंच. पण होडी त्यांनी नीट केली होती आणि ती पाण्यात जाताना त्यांचा चेहरा कसा झाला होता तो मी पाहिला होता. म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. भाभी, म्हणजे त्यांच्या पत्नी, दाराच्या पडद्याआड उभ्या राहिल्या. मी सगळं सांगितलं आणि नेऊ का म्हणून विचारलं. मला वाटलं होतं, नाही म्हणतील आणि माझ्या डोक्यावरचं ओझं उतरेल.

"न्या, भाऊ," त्या म्हणाल्या. "पन जसे नेले तसे मले आनून द्या."

हे वाक्य माझ्या मानगुटीवर बसलं ते पुढची सगळी वर्षं बसलं.

आमच्याकडे पोरं विहिरीत पोहायला शिकतात ती पाठीला रिकामा डबा बांधून. मिस्त्रींना पोहणं बेताचंच येत होतं आणि फेफरं आल्यावर तेवढंही उपयोगाचं नव्हतं. म्हणून भाभींनी कापसाच्या गाठीचं बारदान घेऊन एक बिनबाह्यांचं जाकीट शिवलं आणि त्याला पाठीकडे मोठे खिसे लावले. मिस्त्रींनी जिनातून तेलाचे चपटे डबे झाळून बंद करून आणले आणि त्यांत बसवले. सगळे खूश. मी मात्र हट्ट धरला की आधी काठाशी करून पाहू. कमरेएवढ्या पाण्यात मिस्त्रींना म्हटलं, आता अंग सोडून द्या, शुद्ध नाही असं समजा. त्यांनी अंग सोडलं, आणि डब्यांनी पाठ वर उचलून त्यांचं तोंड अलगद पाण्यात घातलं. पोहायला शिकणाऱ्या पोराला पाठीवरचा डबा चालतो, कारण पोरगं शुद्धीवर असतं आणि मान वर धरतं. भाभींनी त्याच दुपारी खिसे उसवून छातीवर घेतले आणि मानेमागे एक लहान डबा लावला. पुन्हा करून पाहिलं. या वेळी मिस्त्री आकाशाकडे तोंड करून लाकडासारखे तरंगत राहिले आणि म्हणाले की साहेब, झोप येऊन राह्यली.

मग मी नियम केले. नियम करण्यात माझी हयात गेली आहे. होडीत उभं राहायचं नाही. जागा बदलायची तर एकाने, वाकून, मधल्या फळीवरून. दोघांनी एकदम गळ फेकायचा नाही, कारण मागे नेलेला गळाचा आकडा दुसऱ्याच्या कानात जातो. नांगराचा दोर होडीच्या नाकालाच बांधायचा, आडव्या कडेला नाही, नाहीतर वारा आला की होडी कलते. पश्चिमेकडे काळं दिसलं की मासा अर्ध्यावर असला तरी दोर कापून परतायचं. आणि होडी उलटलीच तर ती सोडायची नाही. लाकूड बुडत नाही, बुडतो तो काठाकडे पोहत निघालेला शहाणा. हे सगळं मी मिस्त्रींना शाळामास्तरासारखं म्हणून दाखवायचो आणि तेही बिचारे दर वेळी पहिल्यांदाच ऐकतोय असं तोंड करायचे.

त्या रविवारांबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही. सकाळी मी वल्हवायचो, मिस्त्री कणकेच्या गोळ्यांत हिंग कालवायचे. मरळ, रोहू, कधी मिशीवाला शिंगाडा मासा. मासा लागला की मिस्त्री एकदम वेगळा माणूस व्हायचे. जिनात स्टुलावर बसून बारीक आवाजात सूचना देणारा माणूस तिथे हुकूम सोडायचा. साहेब, डावं वल्हं, साहेब, जरा ढिलं. मी ऐकायचो. एरवी माझ्या बायकोचंही मी इतकं ऐकलं नाही. मासे तांड्यावर जायचे आणि एखादा मिस्त्रींच्या घरी. डबे बांधलेल्या मिस्त्रींना पाहून पोरं ‘डब्बा मिस्त्री’ म्हणून ओरडायची. ते हात वर करून सलाम घ्यायचे. होडीत त्यांना फेफरं एकदाही आलं नाही. दुसरं वर्ष गेलं, तिसरं गेलं, आणि माझ्या मनातली धास्ती हळूहळू सैल पडली.

मग तो दसरा आला. खंडेनवमीला हत्यारांची पूजा. आमच्या घरी टेप, लेव्हल, ओळंबा, फावडं सगळं धुऊनपुसून मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि दसऱ्याच्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत त्यातलं काहीही जागचं हलवायचं नाही. त्या वर्षी बायकोच्या मनात आलं की होडीचीही पूजा झाली पाहिजे. एवढी वर्षं नवऱ्याला पाण्यावरून सुखरूप आणते, तिला फूल नको? होडी घरी आणता येत नाही, वल्ही देवघरात मावत नाहीत. मिस्त्रींनी तोडगा काढला. नवमीच्या सकाळी आम्ही होडी काठावर ओढून धुतली होती, पाणी निघून जावं म्हणून बूच काढलं होतं. तेच बूच त्यांनी पुसून माझ्या हाती दिलं. होडीचा जीव त्यात आहे, तेच पुजा, असं ते म्हणाले. जिनातल्या इंजिनाला दर दसऱ्याला हार घालून नारळ फोडायचे ते मिस्त्रींच्याच हस्ते, त्यामुळे त्यांना यातलं सगळं ठाऊक होतं. बूच टेप आणि ओळंब्याच्या मध्ये बसलं, त्याला कुंकू लागलं, वर झेंडूचं फूल.

दुसऱ्या दिवशी दसरा, जिन बंद, कचेरी बंद, हवा स्वच्छ. मिस्त्री सकाळीच दारात. मी बूच घ्यायला देवघरात गेलो, तर बायको आडवी आली. उत्तरपूजा भटजी आल्यावर दुपारी होईल, तोवर हत्यार उचलायचं नाही. मी आवाज चढवला, तिने चढवला नाही आणि ती जिंकली. मिस्त्री म्हणाले की जाऊ द्या साहेब, पूजेचं आहे, मी दुसरं करतो. वाटेत त्यांनी बाभळीची एक ओली फांदी तोडली, तासली, चिंधी गुंडाळली आणि भोकात ठोकून बसवली. मीही लाथ मारून पाहिली. घट्ट होती. जुनं बूच सुक्या सागाचं होतं, पाण्यात फुगून भोकाला धरून बसणारं. ओल्या बाभळीला आणखी फुगायला जागा नव्हती. ती तशीच राहते आणि पाण्यात गुळगुळीत होते. चाकं भिजवून घट्ट करणारे आम्ही दोघं, पण हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. देवघरातली वस्तू उचलावी लागली नाही, यातच आमचं समाधान होतं.

तलावाच्या मध्यावर मिस्त्रींच्या गळाला मोठा रोहू लागला. इतका मोठा मी नंतरही पाहिला नाही. चरखी किरकिरत होती, मिस्त्री हुकूम सोडत होते, मी वल्ही मारत होतो. होडी जड का लागते आहे, याचा विचार मी केला तो पाय गार पडल्यावर. बुडाच्या पट्ट्यांखाली पाणी भरून वर आलं होतं आणि बाभळीची खुंटी त्यावर तरंगत होती. पाणी उपसायचा डबा मिस्त्रींच्या पायाशी होता. तो घ्यायला मी उभा राहिलो. सगळे नियम करणारा मी. होडीतलं पाणी एका अंगाला धावलं आणि आम्ही दोघं तलावात.

मला पोहता येतं, चांगलं येतं. पण दोरीच्या टोकाला तो रोहू होता आणि ती दोरी माझ्या दोन्ही पायांना आवळत गेली. मी एकदा वर आलो, ओरडलो, पुन्हा खाली गेलो. खरं सांगतो, त्या वेळी देव आठवला नाही. आठवलं ते एवढंच की मिस्त्रींना आता इथे फेफरं आलं तर भाभींना काय सांगू. मग कुणीतरी माझ्या सदऱ्याची कॉलर धरली. मिस्त्री डब्यांवर उताणे तरंगत होते. एका हाताने त्यांनी पालथ्या होडीची कड धरली होती आणि दुसऱ्या हाताने मला. मला ओढून त्यांनी माझा हात होडीच्या कडेवर ठेवला आणि म्हणाले की सोडू नका, तुमीच सांगतलं होतं. खिशातला चाकू काढून मी पायांची दोरी कापली. रोहू गेला. आम्ही तसेच लटकत राहिलो. तांड्यावरची माणसं बैलांचे कासरे एकमेकांना बांधून पाण्यात आली आणि त्यांनी आम्हाला ओढून काढलं.

फेफरं आलं ते काठावर आल्यावर. मिस्त्री पाळीवर बसले, काहीतरी बोलायला गेले आणि कोसळले. पाळीच्या दगडावर कपाळ आपटून फुटलं. गर्दीतल्या एकाने पायातला जोडा काढून त्यांच्या नाकाशी धरला, दुसरा कांदा आणायला धावला. मी जोडेवाल्याला असा धक्का दिला की तो पाळीवरून घसरला. मिस्त्रींना कुशीवर वळवलं, डोकं मांडीवर घेतलं आणि ते थांबेपर्यंत बसून राहिलो. मला रडू आलं. लोकांसमोर आलं, आणि त्याची लाज वाटली नाही.

दमणीत, म्हणजे बैलांच्या हलक्या गाडीत, घालून घरी नेलं तेव्हा भाभी दाराच्या पडद्याआडच उभ्या होत्या. त्यांनी रक्ताने माखलेलं कपाळ पाहिलं, माझे ओले कपडे पाहिले आणि पाणी तापवायला आत गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवशी मी कानाला खडा लावला. मिस्त्री हिंडायला लागल्यावर त्यांना सांगितलं की यापुढे होडी बंद, निदान तुमच्यासाठी तरी. त्यांनी वाद घातला नाही. कपाळावरची पट्टी सारखी करत ते म्हणाले, ठीक हाये साहेब, आणि जिनाकडे निघून गेले. आतापर्यंत त्यांना ज्यांनी ज्यांनी एकेक गोष्ट बंद केली होती त्यांच्या ओळीत मीही जाऊन बसलो. पण मला वाटत होतं की मी बरोबर केलं. जीव राहिला, हौस गेली, बाकी हिशेब काय करायचा?

थंडी पडायला लागल्यावर एका दुपारी भाभी आमच्या घरी आल्या. कधी न येणाऱ्या. बायकोजवळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसल्या, बुरख्याचा पडदा वर केला आणि मला बोलवायला सांगितलं. त्या दिवशी मी त्यांचा चेहरा पहिल्यांदा पाहिला. बायकोने चहा ठेवला होता, तो त्यांनी घेतला नाही.

त्या म्हणाल्या की मिस्त्री जिनातून येतात आणि भिंतीकडे तोंड करून बसतात. जेवा म्हटलं की जेवतात, झोपा म्हटलं की झोपतात. मी म्हटलं, भाभी, तुम्हीच म्हणाला होता, जसे नेले तसे आणून द्या. मला नाही आणता आलं. पुन्हा ती जोखीम मी घेणार नाही. होडीत फेफरं आलं असतं तर?

"येनार असलं का आंधी समजते," भाभी म्हणाल्या. "त्याईचा डावा अंगठा मुठीत जाते. त्याईले सोताले मालूम नाही. मंग थोडा टाइम असते. मोरीतून उठवून आनाचा, चुलीपासून सरकवाचा, एवढा टाइम असते. बारा वर्सं म्या तोच अंगठा पाहून राह्यली."

मी म्हटलं, आता मी पण पाहीन.

"तुमी नाही पाहू शकत. तुमी पान्याकडं पाहता, माशाकडं पाहता. त्या दिवशी होडीत पानी भरलं ते तुमाले दिसलं नाही." हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत, चहात साखर कमी आहे असं सांगावं तशा म्हणाल्या. "मले न्या."

बाईमाणूस, पडद्यातलं, होडीत, दोन पुरुषांबरोबर. मी लोक काय म्हणतील ते काढलं, मोहल्ला काढला, शेवटी बुरख्याचा मुद्दा काढला. पाण्यात पडलात तर तेवढं कापड पायांत गुंडाळून तुम्हाला खाली नेईल, माझं काय झालं ते ऐकलंत ना. त्या म्हणाल्या की बुरखा पळसाखाली ठेवीन, डबे मी पण बांधीन.

"लोकाईनं त्याईची सायकल काढली, विहीर काढली. मले इचारलं होतं काय?" एवढं म्हणून त्यांनी मग चहा घेतला.

मी बायकोकडे पाहिलं. वाटलं, ही तरी माझी बाजू घेईल. तिने माझ्याकडे न बघता सांगितलं की पुढच्या रविवारी पहाटे दमणी सांगून ठेवा, गर्दी नसते तेव्हा.

असं ते सुरू झालं आणि माझी बदली केळापूरकडे होईपर्यंत चाललं. पहाटे पडदा लावलेली दमणी पाळीखाली थांबायची. भाभी पळसाआड जाऊन बुरखा घडी करून ठेवायच्या, ओढणी कमरेला आवळायच्या, बारदानाचं जाकीट चढवायच्या आणि वाकून, मी शिकवलं होतं तशा, मधल्या फळीवर जाऊन बसायच्या. मिस्त्रींसमोर, पाण्याकडे पाठ करून. आधी दोनचार वेळा भाभींना भोवळ आली, ओकारी झाली, पण जागा त्यांनी बदलली नाही. मोहल्ल्यात चार दिवस कुजबूज झाली. मिस्त्रींच्या थोरल्या भावाने एकदा येऊन मला सुनावलं, मीही त्याला सुनावलं, आणि विषय मिटला. जाकिटं तोवर तीन झाली होती. पोरांनी मलाही डब्बा म्हणायला सुरुवात केली. सलाम घ्यायचं मला मात्र कधी जमलं नाही. मी दगड उचलायचो.

एकदाच प्रसंग आला. मिस्त्री आकड्याला गोळा लावत होते, बोलत होते, हसत होते. मला काही दिसलं नाही. भाभी एकच शब्द बोलल्या, "किनारा." मी नांगराचा दोर तिथेच कापला आणि वल्ही मारायला लागलो. त्यांनी मिस्त्रींच्या हातातला गळ काढून घेतला, त्यांना पुढे ओढून बुडाच्या पट्ट्यांवर कुशीवर निजवलं आणि डोकं आपल्या मांडीवर घेतलं. काठ अजून लांब होता तेव्हा फेफरं आलं. होडी थरथरली, बस, तेवढंच. काठाला लागलो तेव्हा मिस्त्री झोपले होते. भाभींनी त्यांच्या ओठांवरचा फेस ओढणीने पुसला आणि मला सांगितलं की इथेच सावलीत थांबू, उठले की पुन्हा जाऊ. आणि आम्ही गेलो. त्या दुपारी मिस्त्रींनी दोन मरळ धरले.

शेवटच्या हिवाळ्यात एका सकाळी तलावावर बदकं उतरली होती. दर वर्षी यायची, पण त्या सकाळी इतकी होती की भाभींच्या पाठीमागचं पाणी दिसत नव्हतं. बदकांच्या आवाजाने मिस्त्रींना बोलणं ऐकू येईना. एवढी वर्षं ही बाई या तलावावर येते आहे आणि तिने तो धड पाहिलेला नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी वल्ही आत घेतली आणि म्हटलं, भाभी, जरा मागे वळून पाहा, घटकाभर मी यांच्या हाताकडे बघतो.

त्यांनी मान वळवली नाही. मिस्त्रींचा हात गळावर होता आणि भाभींची नजर त्या हातावर.

"तुमी पाहा, भाऊ," त्या म्हणाल्या. "मंग घरी जाताना सांगा मले, कशी होती ते."